बायपोलर असताना प्रवास : बेळगावातून निघण्याआधी

नुकतंच निदान झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरी करतो. कामासाठी पुणे-कोल्हापूर, बहिणीसाठी बेंगळूरू आणि देवासाठी घरचे नेतील तिकडं, असा माझा प्रवास. बायपोलर, म्हणजे मूड कधी अति चढतो तर कधी अति उतरतो तो आजार, आपल्याला आहे हे कळून अकरा वर्षं झाली. गोळ्या किती आणि कुठल्या घ्यायच्या याबद्दल इथं काही सांगणार नाही, तो विषय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा.

निदान झालं की घरचे दोनांतलं एक करतात. एक तर "राहू दे, त्रास होईल" म्हणून कुठं पाठवतच नाहीत. नाहीतर "चार दिवस फिरून ये, मन रमेल" म्हणून गाडीत बसवून देतात. माझं दुसरं झालं. पहिल्याच वर्षी रात्रीच्या स्लीपर बसनं पुण्याला निघालो. गाडी दीड तास उशिरा आली, तोवर रात्रीची गोळी पोटात गेलेली. बसस्टॉपवर पेंगलो, आणि गाडीत चढल्यावर झोप जी उडाली ती उडालीच. सकाळी भोसरीला काम होतं. थकायला हवं होतं, पण उलट एकदम फ्रेश. वाटलं, आजार गेला बघ. त्या रात्री मावसभावाशी तीन वाजेपर्यंत बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी कंपनीला न विचारता ऐंशी हजारांच्या टूल्सची ऑर्डर देऊन आलो. चौथ्या दिवशी दादा न्यायला आला. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, "अरे, झोपलास कधी? डोळे बघ की तुझे कसले दिसायलेत."

गोळी तर मी रोज घेतली होती. चुकली ती झोप. बायपोलरमध्ये झोप कमी होणं हे मॅनियाचं, म्हणजे मूड अति चढण्याचं, लक्षण असतं तसंच ते मॅनियाला आमंत्रणही असतं. म्हणून खाली जे काही आहे त्या सगळ्याचा हिशोब एकच : प्रवास झोपेभोवती आखायचा. तिकीट मिळालं म्हणून झोप त्यात कोंबायची नाही.

आत्ता जायचं का

मागच्या महिनाभरात गोळ्या बदलल्या असतील, मूड वरखाली होत असेल, किंवा रोजची झोप अजून बसलेली नसेल तर लांबचा प्रवास पुढं ढकला. लग्न सख्ख्या भावाचं असेल तर ढकलता येत नाही, मान्य. मग निदान दोन रात्रींच्या जागी एकच रात्र राहा आणि सोबत माहीतगार माणूस घ्या.

आणखी एक गोष्ट तपासा. जायची कल्पना कुणाची, आणि कधी सुचली? रात्री दोन वाजता उठून "उद्याच गोव्याला जाऊया" असं वाटत असेल तर तो प्रवासाचा बेत नाही, ती मॅनियाची चाहूल असू शकते. मी स्वतःला नियम घातलाय : अचानक सुचलेला प्रवास दोन झोपा झाल्यावरच ठरवायचा. दोन रात्री नीट झोपूनही जावंसं वाटलं तर जा.

डॉक्टरांकडं निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी जाऊन या, आदल्या दिवशी नको. तीन गोष्टी विचारा. एखादी गोळी चुकली तर काय करायचं, झोप लागली नाही तर काय करायचं, आणि फोन कधी करायचा. उत्तरं कागदावर लिहून घ्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्तात ते किती आहे याची तपासणी त्याच वेळी करून घ्या. ते रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं असतं. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. नवखे लोक सकाळची गोळी घेऊनच लॅबला जातात आणि आकडा उगाच जास्त येतो.

गाडी निवडताना

बेळगावकराला रात्रीच्या गाडीची सवय. संध्याकाळी जेवून निघायचं, सकाळी मुंबईत नाहीतर बेंगळूरूत उतरायचं, लॉजचे पैसे वाचले. आपल्यासाठी हा हिशोब तोट्याचा आहे. दिवसाची गाडी मिळत असेल तर ती घ्या. पुण्याला सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत आहे, आठवड्यातून तीन दिवस. बेळगावातून सकाळी बसलं की दुपारी पुण्यात. बेंगळूरूला ऑगस्ट २०२५ मध्ये बेळगावातूनच वंदे भारत सुरू झाली. पण ती भल्या पहाटे सुटते. खानापूरच्या खेड्यातून ती धरायची तर रात्री दोनला उठावं लागेल, म्हणजे रात्रीची गाडी परवडली. अशा वेळी आदल्या दिवशी शहरात पाहुण्यांकडं मुक्कामाला या. येताना ती दुपारी सुटते, ते आपल्याला बरं पडतं. वेळा बदलत असतात, बघून घ्या.

रात्रीचंच जायचं झालं तर बसपेक्षा रेल्वे. रेल्वेत खालचा बर्थ मागा. क्वेटियापिनसारख्या गोळीनं झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येतो, चक्कर येते. वरच्या बर्थवरून अंधारात शिडी शोधताना ती आली तर काय होईल ते सांगायला नको. कुठलीही झोपेची गोळी गाडी हलल्यावरच घ्या. स्टॉपवर घेऊ नका, माझं वर सांगितलंच. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, आणि आजूबाजूला कुणी मोबाईलवर सिनेमा लावला तर सांगायची लाज नको.

स्वतः गाडी चालवत असाल तर रात्रीची गोळी घेतल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पहाटे चारला चोर्ला घाट उतरायचा बेतही नको, गुंगी सकाळपर्यंत राहते.

सीमाभागातलं आणखी एक. इथं गाड्या कधी थांबतील याचा नेम नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद पडल्या होत्या. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस) आसपास तर दरवर्षी धाकधूक असतेच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर रांगेत बसून "गोळ्या घरी राहिल्या" आठवणं म्हणजे काय ते मी बघितलंय. म्हणून जितके दिवस जाणार त्याहून एक आठवडा जास्तीच्या गोळ्या. दोन दिवसांच्या कोल्हापूरलासुद्धा.

गोळ्यांची पिशवी

माझी पद्धत सांगतो. स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी कागदावर बारीक मार्करनं प्रत्येक गोळीखाली तारीख घालतो. १४, १५, १६. प्रवासात वार कुठला तेच कळत नाही, "काल घेतली का?" हा प्रश्न हमखास पडतो. तारखेखालचा खड्डा रिकामा असला की घेतली, भरलेला असला की राहिली. वार लिहिलेले प्लास्टिकचे डबेही मिळतात, पण नाव, कंपनी, बॅच असलेली मूळ स्ट्रिप जवळ असलेली बरी. दुसऱ्या गावच्या मेडिकलवाल्याला ती दाखवली की समजतं.

गोळ्यांचे दोन वाटे करा. एक अंगाजवळच्या पिशवीत, एक सोबतच्या माणसाकडं किंवा दुसऱ्या बॅगेत. बसच्या डिकीत एकही नको. एकदा माझी बॅग डिकीतून दुसऱ्याच माणसानं हुबळीला नेली. ती परत मिळाली, पण दोन रात्री काय झाले ते विचारू नका. मे महिन्यात उभ्या कारच्या डॅशबोर्डवरही औषध ठेवू नका.

चिठ्ठीची मूळ प्रत आणि मोबाईलमध्ये फोटो. कर्नाटकातल्या डॉक्टरची चिठ्ठी महाराष्ट्रात चालते, गोव्यात चालते. फक्त औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहून घ्या. कंपनीचं नाव तिकडं मिळेलच असं नाही. चिठ्ठी नसेल तर मेडिकलवाला देणार नाही, आणि न देणंच बरोबर आहे.

पाकिटात एक कार्ड. मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत : आजाराचं नाव, औषधं, दादाचा नंबर, डॉक्टरांचा नंबर. खाली एक ओळ : "मी फार बोलत, भांडत किंवा गोंधळलेला दिसलो तर आधी घरी फोन करा." कन्नडमध्ये 'नन्न मनेगे फोन माडि'. लिहिताना लाज वाटली होती. अजून एकदाही काढावं लागलं नाही, पण आईला रात्री झोप लागते.

लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी एक पक्कं लक्षात ठेवा. चार-पाच दिवस सलग चुकली तर पहिल्यासारखी पूर्ण गोळी परत सुरू करायची नाही. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो म्हणून ती पुन्हा थोड्यापासून वाढवत न्यावी लागते. आधी डॉक्टरांना फोन करा.

पाणी, मीठ, उपास आणि अंगदुखीची गोळी

हा भाग लिथियमवाल्यांनी दोनदा वाचा.

आपलं मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ते मीठ धरून ठेवतं, आणि मिठाबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण वर. रोजच्या उपचारात हे प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. दीडच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, म्हणजे मध्ये जागा फार नाही. हात नेहमीपेक्षा जोरात थरथरणं, उलटी, जुलाब, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, चालताना झोक जाणं. असं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि थेट दवाखाना गाठा. "गाडी लागली असेल" म्हणून झोपून राहू नका.

आता प्रवासात पाणी कमी कुठं होतं ते बघा. आपल्याकडच्या बायका बसमध्ये पाणीच पीत नाहीत, स्टँडवरच्या संडासाच्या धास्तीनं. समजतं, पण लिथियम चालू असताना ते परवडत नाही. दर तासाला थोडं थोडं प्या. चांगलं हॉटेल असेल तिथं गाडी थांबवायला सांगा. ताक, लिंबू-सरबत, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. मीठ एकदम बंदही करू नका आणि एकदम वाढवूही नका, रोजचं जेवण तसंच चालू द्या. बेळगावच्या गार हवेची सवय असलेल्या माणसाला चैत्रातलं पंढरपूर किंवा सोलापूर झेपत नाही. घामानं अंग निथळतं ते कळतही नाही. ओलांझापिन, रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनीही शरीराला उष्णता सोसणं जड जातं, म्हणून दुपारी बारा ते चार सावलीत.

उपास. आमच्या घरी वारी आहे, त्यामुळं हा वाद दर आषाढीला होतो. निर्जळी एकादशी लिथियमवर करायची नाही, यात तडजोड नाही. फराळाचा उपास, भरपूर पाणी आणि डॉक्टरांना विचारून, चालेल. आमची आक्का, म्हणजे आईची आई, पहिल्या वर्षी रागावली होती. नंतर तीच म्हणाली, "पांडुरंग काय तुझं रक्त तपासायला येतोय? पाणी पी."

पायी चालून आल्यावर पाय दुखतात. वाटेवरच्या मेडिकलमधून "अंगदुखीची गोळी" घेतली जाते, आणि खरी भानगड तिथं होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या लिथियमची रक्तातली पातळी वाढवतात. कित्येक जोडगोळ्यांत त्या पॅरासिटॅमॉलबरोबर मिसळलेल्या असतात, वरून कळत नाही. दुकानदाराला एवढंच सांगा : "मी लिथियम घेतो, साधं पॅरासिटॅमॉल द्या." त्याला पटकन समजतं. घरात कुणाची रक्तदाबाची 'लघवीची गोळी' उसनी घ्यायची तर विचारच करू नका.

घाटात गाडी लागत असेल तर उलटीची गोळीही आधी विचारून ठेवा. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांचं मनाच्या औषधांशी जमत नाही, मान-जबडा आखडू शकतो, किंवा गुंगी दुप्पट होते. पुढच्या सीटवर बसा, पोट अर्धवट भरलेलं ठेवा, आल्याची वडी चघळा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर मनानं दुसरी घेऊ नका, फोन करून विचारा.

लग्न, देवदेव, गोवा

लग्नात आदल्या रात्री हळद, डीजे, मग पत्ते, मग पहाटेचा मुहूर्त. हळदीला अर्धा तास हजेरी लावून दहाला झोपायला जा. कुणाला तरी आधीच सांगून वेगळी खोली मागून ठेवा, हॉलमध्ये पंचवीस जणांच्या सतरंजीवर झोप मिळत नाही. लोक विचारतील. "पित्ताचा त्रास आहे, जागरण सोसत नाही" एवढं पुरतं. खरं कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, सगळ्या वऱ्हाडाला कळायची गरज नाही.

लग्नानंतरच्या देवदेवाला घरचे क्रुझर ठरवतात. पहाटे तीनला निघायचं, सौंदत्तीची यल्लम्मा करून परत फिरायचं, नाहीतर जोतिबा, अंबाबाई आणि जेजुरी एकाच दमात. माझ्या घरी आता दोन दिवस करतात, मध्ये कोल्हापूरला मुक्काम. पहिल्यांदा मामांनी कुरकुर केली, खर्च वाढला म्हणून. आता त्यांच्याच गुडघ्यांना ते सोयीचं झालंय.

गोव्याचं थोडक्यात. दारू नको : ती झोप मोडते, मूड पाडते आणि गोळ्यांत मिसळते. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर तर पाय ठेवू नका. चढत्या मूडमधल्या माणसाच्या हातात पैसा राहत नाही. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा आणि क्रेडिट कार्ड घरी.

परदेशाचं कुणी विचारेल म्हणून दोन ओळी. १९८२ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून आलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पश्चिमेकडं गेलेल्यांत नैराश्य जास्त दिसलं, पूर्वेकडं गेलेल्यांत मॅनियाकडं कल. घड्याळाचे तास बदलणार असतील तर गोळीची वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आखातात जाणाऱ्यांनी क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांसाठी तिथल्या सरकारची परवानगी आधी काढायची असते, नाहीतर विमानतळावर अडकाल.

मूड चढायला किंवा उतरायला लागला तर

प्रत्येकाची खूण वेगळी. माझी अशी : पाहुण्यांना द्यायला एक किलो कुंदा नेतो तो नेतो, मग कँपातून आणखी चार किलो घ्यावासा वाटतो. दुसरी खूण, दादाला दिवसात तीनपेक्षा जास्त फोन होतात. तिसरी, चार तास झोपून ताजंतवानं वाटतं. तुमच्या तीन खुणा लिहून सोबतच्याला द्या. स्वतःला ते कळत नाही, हाच आजाराचा खोडसाळपणा. उलट बाजूच्याही लिहा : अंघोळ टळणं, फोन न उचलणं, गाडीतून उतरूच नये असं वाटणं.

एक रात्र नीट गेली नाही, तर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करा. चहा दुपारनंतर बंद, अंधारी खोली, मोबाईल सोबतच्याकडं. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी गोळी लिहून दिली असेल तर ती घ्या. दुसरीही रात्र गेली, तर डॉक्टरांना फोन आणि घरी परत. तिकीट वाया गेलं तर जाऊ दे.

डॉक्टरांचा फोन लागला नाही तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वाट बघू नका, सोबतच्याला सांगा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत १०८. कुठल्या वाटेवर मनोरुग्णांचा कुठला मोठा दवाखाना आहे तेही माहीत असू द्या : बेंगळूरूच्या रस्त्यावर धारवाडला डिम्हान्स आणि पुढं बेंगळूरूत निम्हान्स, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, पुण्यात येरवडा, कोकणात रत्नागिरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत ते आधी लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीनं निर्णय घेणारा माणूसही नेमता येतो. मी दादाला नेमलंय. परगावी भरती व्हायची वेळ आली तर कुणाला बोलवायचं यावर वाद नको.

परत आल्यावर

येताना दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवा. सोमवारी कामावर जायचं तर रविवारी रात्री नव्हे, शनिवारी पोचा. पहिल्या रात्री नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या जागेला झोपायचं. झोप लागली नाही तरी उठायची वेळ बदलायची नाही. आठवडाभर रोज झोपेचे तास वहीत लिहा, कारण प्रवासाचा धक्का कधी कधी तीन-चार दिवसांनी बसतो, तेव्हा आपण बेसावध असतो.

मग स्ट्रिप काढा आणि तारखा बघा. किती खड्डे भरलेले राहिलेत ते मोजा आणि तो आकडा, लाज न बाळगता, पुढच्या भेटीला डॉक्टरांना सांगा. माझ्या गेल्या बेंगळूरूच्या खेपेत एक राहिला होता, सतरा तारखेचा. बहिणीनं रात्री अकराला मांडे काढले आणि गप्पांत विसरलो.